रक्ताची खोटी साक्ष

घरात आम्ही आमची दखनी बोलतो. पण ही गोष्ट मी मराठीत सांगणार आहे, कारण माझी शाळा मराठीत झाली आणि भांडण मला मराठीतच चांगलं जमतं. ही भांडणाचीच गोष्ट आहे. एका बाजूला मी, नूरबी, भवानी पेठेतल्या कटलरीच्या दुकानाची मालकीण. दुसऱ्या बाजूला माझा नवरा नबीलाल, मुलगा सोहेब, एक मोठा डॉक्टर आणि माझं स्वतःचं रक्त.

गेल्या दिवाळीच्या गर्दीत वरच्या फळीवरून बांगड्यांचा डबा काढताना माझ्या छातीत काहीतरी सुटलं. दुखलं नाही. धडधड म्हणतात तशीही नव्हती ती, कारण धडधडीला एक ठेका असतो. इथं ठेकाबिका काही नव्हता. पिशवीत घातलेली कोंबडी फडफडावी तसं माझं काळीज फडफडत होतं. थोड्या वेळानं गप्प झालं. समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरून मी तिला वाटेला लावलं आणि मग स्टुलावर टेकले.

तसं मला सहसा कशाची भीती वाटत नाही. पण त्या दिवशी वाटली, आणि ती आपामुळं.

जैतुनआपा माझी थोरली बहीण. टेंभुर्णीला हायवेवर तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान होतं. बाई अशी खणखणीत की ट्रकवाले तिच्याशी हुज्जत घालायला भ्यायचे. ती मला फोनवर सांगायची, "नूरे, माझं काळीज पळतंय गं. मधीच पळतंय, मधीच थांबतंय." कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं बाईमाणसाचं वय झालं की असं होतंच. तिच्या दंडाला ताईत बांधला, तिला ताकदीची इंजेक्शनं टोचली, आणि तिच्या नवऱ्यानं चारचौघांत सांगितलं की हिला लई टेन्शन घ्यायची सवय हाय. मग एका सकाळी चहा गाळताना तिच्या हातातून पातेलं सुटलं आणि तोंड एका बाजूला गेलं. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अडकली. ती आली कुठून, हे कुणी विचारलं नाही. हृदयाची ईसीजीची पट्टी काढली होती, ती सरळ, बिनदोष आली, म्हणून विषय संपला.

आपाच्या तोंडात आता एकच शब्द उरलाय, 'नको'. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडंच असते, पुढच्या खोलीतल्या पलंगावर. चहा दिला की 'नको' म्हणते आणि पिते. आयत, माझी नात, मांडीवर येऊन बसली की 'नको, नको' म्हणत तिचे केस कुरवाळते. लोकांना वाटतं म्हातारी हट्टी आहे. मला तिच्या प्रत्येक 'नको'चा अर्थ कळतो, कारण ऐकायला मी बसते.

तर माझं काळीज फडफडलं. मग आठवड्यात पुन्हा फडफडलं, आणि मग त्याला चटकच लागली. मी घरात सांगितलं.

नबीलाल म्हणाले, "सीझनचा ताण हाय. जरा पडून ऱ्हा."

सोहेब सात रस्त्याला मोबाइलच्या दुकानात असतो. जगातलं सगळं त्याला त्या फोनातून कळतं, फक्त समोर बसलेलं माणूस तेवढं दिसत नाही. तो म्हणाला, "अम्मी, तू खालाला बघून बघून घाबरलीयस. दुसरं काय न्हाय."

पेठेतल्या दवाखान्यात पट्टी काढली, सरळ आली. पुन्हा काढली, पुन्हा सरळ. शाळेत साहेब तपासणीला आले की वात्रट पोरं कशी हाताची घडी घालून बसतात, तसं माझं काळीज त्या यंत्रापुढं बसायचं. घरी आलं की पुन्हा उंडारायला मोकळं.

शेवटी सोहेबनं मला एका मोठ्या डॉक्टरकडं नेलं. काचेचा दरवाजा, गार हवा, बाहेर नंबर पुकारणारी पोरगी. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यानं सांगितलं, "आता रक्तातूनही अंदाज येतो. हृदयावर ताण असला की रक्तात एक द्रव्य वाढतं. हृदयाची चाल बिघडलेल्या माणसांत ते बहुतेक वेळा वाढलेलं सापडतं. ते बघू, आणि थायरॉइडही बघू, कारण त्यानंही धडधड होते." मग लिहिता लिहिता विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?"

"एकबी न्हाय," मी म्हणाले. अल्लाची शपथ, मला ते खरंच वाटत होतं.

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. नबीलालच्या अब्बांपासून चालत आलेली आहे ती. दुकानात जो माल खपत नाही तो घरात खपवायचा, टाकायचा नाही. आमच्या घरात कधी गिऱ्हाइकानं पसंत केलेला साबण आला नाही. हिरव्या रंगाची टूथपेस्ट वर्षभर आम्हीच घासली. सोहेबच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाला एकाच अत्तराचा वास येत होता, कारण त्या अत्तराचा अख्खा खोका अंगावर पडला होता. पेठेत लोक गमतीनं म्हणतात की भवानी पेठेत काय चालत नाही हे बघायचं असेल तर नबीलालच्या न्हाणीघरात जावं.

गेल्या साली एक सेल्समन स्कीमच्या नादी लावून यांना एक खोका देऊन गेला. केस वाढायच्या गोळ्या. मऊ, लाल, चघळायच्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या. डबीवर लांब केसांची बाई. आमच्या गिऱ्हाइक बाया डबी हातात घ्यायच्या आणि हसत परत ठेवायच्या. म्हणायच्या, "चाची, केसाला त्याल लावायचं सोडून गोळ्या कोन खातंय?" खोका घरी आला. त्याच सुमाराला साखर काठावर आहे म्हणून मला गोड बंद झालं होतं. मी जन्माची गोडघाशी. डबीवर ठळक छापलेलं, 'साखर नाही'. मग काय विचारता! सुपारी खावी तशी मी दिवसभर त्या गोळ्या खायला लागले. पर्समध्ये डबी, गल्ल्याजवळ डबी, उशाशी डबी. केस वाढले नाहीत, पण तोंड गोड राहिलं. याला औषध कोण म्हणेल? मी तर नाहीच म्हटलं.

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर हसून म्हणाला, "आजी, तुमचं हृदय तरुण मुलीसारखं आहे. ते द्रव्य अगदी कमी आहे. थायरॉइड मात्र खूप वाढलंय. धडधड त्याचीच."

आजी म्हटलेलं मला आवडलं नाही, पण ते सोडा. घरी आनंदीआनंद झाला. नबीलालनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मी माझी लाल गोळी चघळली.

थायरॉइड दाबायची औषधं सुरू झाली आणि मी गळून जाऊ लागले. पाय जड झाले. उन्हाळा तोंडावर, सोलापुरात माणसं सावली शोधत फिरतायत, आणि मी स्वेटर घालून गल्ल्यावर बसलेली. बसल्या बसल्या डोळा लागायचा. गिऱ्हाइकानं "चाची" म्हणून हाक मारली की दचकून जाग यायची. आणि एवढं करून काळीज फडफडायचं ते फडफडतच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

परत गेलो. परत रक्त घेतलं. हृदय झकास, थायरॉइड अजून जास्तच. डॉक्टरनं औषध वाढवलं.

मी म्हणाले, "डॉक्टर, माझं काळीज पळतंय. थायरॉइड न्हाय पळत, काळीज पळतंय."

"तुम्ही फार विचार करता," तो म्हणाला. "माणूस घाबरून काहीही सांगतो. रक्त खोटं बोलत नाही."

"मग माझं बोलतंय," मी म्हणाले.

डॉक्टर हसला. सोहेबनं मान खाली घातली. आईनं मोठ्या माणसापुढं असं बोलावं याची त्याला लाज वाटली, हे मला दिसलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या पोराला चालायला शिकवलं ते मी, आणि आज तो माझ्याकडं बघायच्या आधी कागदाकडं बघत होता. मी नवीन औषधाचं पाकीट डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं आणि उठून बाहेर आले.

घरी तमाशा झाला.

"अम्मी, रिपोर्ट बघ की! दोनदा तेच आलंय."

"रिपोर्ट तू बघ. काळीज माजं हाय."

नबीलाल म्हणाले, "डॉक्टरपरीस तुला जास्ती कळतंय व्हय?"

"डॉक्टरपरीस न्हाय कळत. पर माझ्या छातीत डॉक्टर ऱ्हात न्हाय. मी ऱ्हाते."

"दुनियेला येडं ठरवणार तू एकटी!"

"आपाबी एकटीच हुती," मी म्हणाले. "ती बोलत हुती तवर कुनी ऐकलं न्हाय. आता ती बोलत न्हाय, आता सगळे तिला इचारतात, काय पायजे आपा, काय पायजे. मला तसं इचारायची येळ यायची वाट बघताय काय तुमी?"

पलंगावरून आपा म्हणाली, "नको. नको. नको." यांना वाटलं ती भांडणाला भ्याली. ती माझ्याकडं बघत होती आणि तिचा डावा हात तिच्या स्वतःच्या छातीवर होता. मला रडू आलं. मी आत जाऊन रडले, कारण यांच्यापुढं रडले असते तर तेही टेन्शनच्या खात्यात गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता रिक्षा केली आणि बुद्धप्रियाकडं गेले.

बुद्धप्रिया शिवशरण ही मीनाबाईची मुलगी. मीनाबाई महापालिकेच्या दवाखान्यात आया होती आणि दर सणाला माझ्याकडं बांगड्या भरायला यायची. बरोबर ही, दोन वेण्या घातलेली, रिबिनींच्या रिळांकडं टक लावून बघणारी. आमच्या दुकानातून पोर रिकाम्या हातानं जात नाही, तळहातावर लिमलेटची गोळी ठेवायचीच, हा माझा नेम. तीच पोर आता हृदयाची डॉक्टर होऊन आली होती. नबीलालना सांगितलं असतं तर म्हणाले असते, कालची पोर ती. मग मी कशाला सांगतेय?

"नूरचाची!" ती खुर्चीतून उठून आली. मग तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही फोन उचलला नाही. माझी नाडी धरून ठोके मोजले. दोन्ही रिपोर्ट पुढं ठेवून एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागली.

"चाची, थायरॉइड एवढं वाढलेल्या माणसाचे हात थरथरतात, वजन उतरतं, उकडतं. तुम्ही तर स्वेटर घालून आलायत. तुमचं आणि या कागदाचं जुळत नाही."

"मग कुनावर इश्वास ठेवणार तू? माझ्यावर का कागदावर?"

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली.

मला ते आवडलं. इतक्या दिवसांत माझ्या बाजूनं अर्धं का होईना माप टाकणारी ती पहिलीच. तिनं खाणंपिणं विचारलं, झोप विचारली, औषधं विचारली. मी पुन्हा छातीठोकपणे म्हणाले, "औषध एकबी न्हाय. ती थायरॉइडची हुती, तीबी टेबलावर ठेवून आले."

तिनं पट्टी काढली. सरळ. अर्थातच. रक्त दुसऱ्या ठिकाणी तपासू म्हणून तिनं चिठ्ठी लिहिली. मी उठले. आणि जुन्या सवयीनं पर्समध्ये हात घालून एक लाल गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

ती लहानपणी हसायची तशीच हसली. गोळी तोंडापर्यंत नेली आणि थांबली. "चाची, ही लिमलेट नाही. काय आहे हे?"

"केसाची गोळी. खा की, साखर न्हाय त्यात."

"तुम्ही खाता?"

"मग! दिवसभर खाते."

"कधीपासून?"

"माल पडल्यापास्नं. खोका संपत आला आता."

तिनं डबी मागितली. मी दिली. डबीच्या मागं मुंगीच्या अक्षरात छापलेलं ती वाचत गेली आणि मग मागं रेलून बसली. आधी हसली, मग हसायची थांबली.

तिनं मला समजावलं ते असं. या गोळीत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. थोडं खाल्लं तर काही बिघडत नाही. पण रक्त तपासायच्या कित्येक यंत्रांत, हवं ते द्रव्य पकडायला हेच बायोटिन वापरतात. रक्तातच ते भसाभस असलं की यंत्राची पकड चुकते. काही आकडे खोटे कमी येतात, काही खोटे जास्त. माझ्या हृदयाचं द्रव्य कमी दिसलं, थायरॉइड जास्त दिसलं.

"दोन्ही खोटं?" मी विचारलं.

"तसं वाटतंय. नक्की कळायला गोळ्या बंद करून पुन्हा तपासू."

"म्हंजे माझं रक्त खोटं बोलत हुतं."

"रक्त नाही हो चाची, यंत्र फसलं."

"तू यंत्र म्हन. मी रक्तच म्हननार. त्या डॉक्टरला मी तसंच सांगून आलीय."

"पण औषधं विचारली तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"औषध कुटं हाय ते? न खपलेला माल हाय तो!"

ती कपाळाला हात लावून बसली. मला राग आला, माझाच आला. वाढून घेणारी मी आणि खाणारीही मी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडं करायची? पण काळीज पळतंय हे मी खोटं सांगितलं नव्हतं, आणि त्या रागातही मला ते धरून ठेवावंसं वाटलं.

गोळ्या बंद झाल्या. ते दिवस फार वाईट गेले. तोंड कडू, स्वभाव त्याहून कडू. मग रक्त दिलं. बुद्धप्रियानं स्वतः फोन केला, "चाची, या." थायरॉइड कुठं वाढलेलं नव्हतंच, उलट त्या औषधांनी ते खाली बसलं होतं, हळूहळू सावरेल म्हणाली. आणि हृदयाचं ते द्रव्य चांगलंच वाढलेलं होतं. आजाराचा कागद हातात घेऊन कुणी एवढं खूश झालं नसेल. मी तिच्या टेबलावर हात आपटला.

"थांबा," ती म्हणाली. "रक्तानं एवढंच सांगितलंय की हृदयावर ताण आहे. चाल चुकते का, हे एकटं रक्त सांगत नाही. ती चुकत असताना पकडावी लागेल." तिनं माझ्या छातीवर तारा चिकटवल्या आणि कमरेला एक छोटं यंत्र बांधलं. "हे अंगावर ठेवायचं. फडफड झाली की हे बटण दाबायचं. आणि रोज जसं वागता तसंच वागायचं."

घरी आता सगळं सांगावंच लागलं, कारण तारा लपत नव्हत्या. गोळ्यांचं ऐकून नबीलालचा चेहरा उतरला. खोका त्यांनीच घेतला होता. तरी बोलले काय, "बरं, आता तू आडवी पड. दुकान मी बघतो."

"आडवी पडल्यावर ते शहान्यावानी वागतंय. त्याला दुकानातच पकडायचंय. सरका."

शटर मी उघडलं. लग्नसराई होती. माणसं मावत नव्हती. एका नवरीचा हात माझ्या हातात, हिरवा चुडा भरायचा, तिची आई भावासाठी घासाघीस करतेय, मागून कुणी टिकल्या मागतंय, कुणी पिना. आणि तेवढ्यात सुटलं. पिशवीतली कोंबडी. डोळ्यापुढं क्षणभर अंधारलं. सोहेब त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेऊन दुकानात थांबला होता. तो ओरडला, "अम्मी!" मी त्याला हातानंच थांबवलं, कमरेचं बटण दाबलं आणि काळजाला म्हणाले, "पळ. आता पळ किती पळायचं ते."

नवरीच्या आईला वाटलं मी तिला बोलले. तिनं भाव करणं सोडून दिलं.

चुडा मी पुरा भरला. एकही बांगडी फुटली नाही.

बुद्धप्रियानं तो आलेख आम्हा तिघांपुढं ठेवला. आधी सारख्या अंतरावर उभ्या रेघा, आणि मग एके जागी सगळा गोंधळ, दोन जवळ, एक लांब, तीन एकमेकींच्या अंगावर. तिनं आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. मग म्हणाली, "हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथं रक्त साचतं आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून रक्त गोठू नये याची गोळी सुरू करायची. चुकवायची नाही. वेळेत सापडलं, चाची."

सोहेब त्या रेघांवर बोट ठेवून बसला होता. मग म्हणाला, "अम्मी, सॉरी."

"सॉरी मोबाइलमधी ठेव," मी म्हणाले. "फुडच्या बारीला मी काय सांगितलं तर आधी माझ्या तोंडाकडं बघ, मग कागदाकडं." मग मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण पोरगं रडत होतं.

नबीलाल घरी आले ते सरळ माळ्यावर चढले. उरलेल्या डब्या काढल्या आणि सकाळी घंटागाडी आली तेव्हा स्वतःच्या हातानं तिच्यात टाकल्या. परत येऊन दारात उभे राहिले. "अब्बा असते तर मला घराभाईर काढलं असतं," म्हणाले. आमच्या घरातून माल टाकून दिल्याची ही पहिलीच वेळ.

इथं गोष्ट संपली असं यांना वाटलं. मला नाही वाटलं. आलेख बघितल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. मधीच पळतंय, मधीच थांबतंय. फोनवर आपानं मला हेच सांगितलं होतं, याच शब्दांत.

मी म्हणाले, "उद्या आपाला न्यायचंय बुद्धप्रियाकडं."

"आता कशाला?" नबीलाल म्हणाले. वाईट मनानं नाही, खरंच न कळून म्हणाले. "तिचं जे व्हायचं ते हून गेलं की. आता तिला सुया टोचून काय उपेग?"

"तिचं एकच अंग गेलंय," मी म्हणाले. "दुसरं अजून हाय. तेबी देऊ व्हय?"

ते उठले आणि रिक्षावाल्याला फोन लावला.

आपाला रिक्षातून उतरवायला सोहेब आणि त्याचे अब्बा दोघं लागले. बुद्धप्रियानं सगळं ऐकलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की लकव्यानंतर आपाला चालू असलेली रक्त पातळ करायची गोळी साधी आहे. तिच्यातही माझ्यासारखंच निघालं तर ती गोळी पुरी पडणार नाही, पुन्हा लकवा येऊ शकतो. बदलली तर टाळता येईल. "तेव्हा यांची चाल पकडायला कुणी असं यंत्र लावलं होतं?" तिनं विचारलं.

"कुनी न्हाय. एक पट्टी काढली, सरळ आली, झालं. तिचं कुनी ऐकलंच न्हाय."

"मग आधी रक्त घेऊ. तारा नंतर लावू."

रक्त घ्यायला एक नवीन नर्स आली. तिनं सुई तयार केली, दंडाला बांधायचा पट्टा काढला आणि आपाजवळ वाकली.

"नको," आपा म्हणाली.

नर्स थबकली. "नको," आपा पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "नको, नको!" नर्स मागं सरली आणि बुद्धप्रियाकडं बघून म्हणाली, "मॅडम, आजी नाही म्हणतायत. जबरदस्ती कशी करायची?"

नबीलाल लगेच म्हणाले, "र्‍हाऊ दे मग, तिला नगं असंल तर."

मी आपाकडं बघितलं. तिचा डावा हात, तिचा उरलेला चांगला हात, टेबलावर होता. बाही तिनं दातांनी धरून कोपराच्या वर ओढली होती.

"ती व्हय म्हनतीय," मी म्हणाले. "घ्या."

नर्सनं पट्टा बांधला. मूठ वळा असं ती सांगणारच होती, पण त्याच्या आधीच आपानं मूठ आवळली होती.